जुनीं नाणीं घासावींत काय ?

स्वच्छता ही आपल्याकडे केवळ सोयीची बाब नव्हे. ती धर्माचाच एक भाग मानली गेली आहे. देवपूजेचीं उपकरणें उजळ असावींत, समईच्या तळाशीं तेलाचा काळा थर राहूं नये, पाण्याचा तांब्या तांबूस झळाळावा, हें ज्या घरांत सांभाळलें जातें त्या घरची गृहिणी दक्ष समजली जाते. हाच न्याय वडिलोपार्जित नाण्यांसहि लावला जातो. लक्ष्मीपूजनाचा दिवस जवळ आला म्हणजे पेटींतील राणीछाप रुपये, चारदोन शिवराया, आजेसासूबाईंनीं कधीं काळीं गांठीला बांधून ठेवलेला एखादा जुना सिक्का, अशीं सारीं नाणीं बाहेर येतात. चिंच, लिंबू, रिठे, राख, रांगोळी आणि अलीकडे बाजारांत मिळणारी भांडीं उजळण्याची पूड, यांपैकीं जें हातीं लागेल त्यानें तीं घासलीं जातात. आणि तबकांत तीं लखलखूं लागलीं म्हणजे घरांतील मुलाबाळांसहि आनंद होतो.

परंतु नाण्यांचा संग्रह करणारा एखादा जाणता पाहुणा त्या दिवशीं घरीं आला, तर तें तबक पाहून तो हळहळल्यावांचून राहणार नाहीं. काळें पडलेलें, मळकट दिसणारें नाणें त्याला मोलाचें वाटतें, आणि तेंच नाणें घासून लख्ख केलें कीं ‘बिघडलें’ असें तो म्हणतो. प्रथमदर्शनीं हा प्रकार विपरीत भासतो. हा हौशी लोकांचा केवळ लहरीपणा समजावयाचा, कीं त्याच्या मुळाशीं कांहीं तथ्य आहे, ह्याचा विचार आपल्या वाचकांनीं अवश्य केला पाहिजे. कारण अशी एखादी पेटी पुष्कळ जुन्या घरांतून असते, तिच्यावर सर्व भावांचा सारखाच हक्क असतो, आणि तिच्यांतील नाण्यांवर एकदां झालेली घासपूस कोणत्याहि उपायानें परत फिरवितां येत नाहीं.

टांकसाळींत नाणें तयार होतें तें दाबानें. धातूची कोरी चकती दोन कोरीव ठशांमध्यें ठेवून तिच्यावर जोराचा दाब दिला कीं, धातु क्षणभर मेणासारखा सरकतो आणि ठशांतील खोलगट भागांत शिरून अक्षरें व आकृति उठवितो. मध्यापासून कडेकडे सरकतांना तो आपल्या मागें अत्यंत बारीक रेषा ठेवून जातो. ह्या रेषा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहींत. पण कोरें नाणें दिव्याखालीं तिरपें धरून हळूहळू फिरविलें, तर गाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणें प्रकाशाचे पट्टे त्याच्यावर फिरूं लागतात, ते ह्याच रेषांमुळें. हें नाण्याचें जन्मजात तेज होय. घासून आणलेली चकाकी निराळी. घासण्यानें ह्या रेषांचे माथे झिजून सपाट होतात. नाणें आरशासारखें चमकतें खरें, पण ते प्रकाशाचे आरे पुन्हां कधीं फिरत नाहींत.

आतां त्या काळेपणाचें मूळ पाहूं. ईस्ट इंडिया कंपनीनें १८३५ सालीं आपल्या सर्व मुलुखासाठीं एकच रुपया सुरू केला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, असे. आणि त्याच्या बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असे. १९४० सालीं महायुद्धाच्या काळांत हें प्रमाण निम्म्यावर आलें, आणि १९४७ सालीं रुपया निकेलचा झाला. म्हणून घरोघरीं जपून ठेवलेले चांगल्या चांदीचे रुपये १९४० पूर्वींचे असतात. हवेंत गंधकयुक्त वायु अल्प प्रमाणांत नेहमींच असतात. त्यांचा चांदीशीं संयोग होऊन तिच्या पृष्ठभागावर सल्फाइड नांवाच्या संयुगाचा थर हळूहळू तयार होतो. हा थर अगदीं पातळ असतांना नाणें पिवळसर दिसतें; तो वाढत जातो तसतशी तांबूस, जांभळी, निळी अशी छटा येते, आणि शेवटीं तो काळा होतो. पाण्यावर तेलाचा थेंब पसरला असतां जे रंग दिसतात, तशाच कारणानें हे मधले रंगहि दिसतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. हा थर धुळीप्रमाणें बाहेरून येऊन बसलेला नसतो. त्याच्यांत नाण्याची स्वतःची चांदी असते. गंधक हवेंतला, पण चांदी नाण्यांतली. तेव्हां काळेपणा काढणें म्हणजे नाण्याची वरची कातडी सोलणें होय. एका खेपेस जाणारी चांदी अत्यल्प असते हें खरें. परंतु उघडी पडलेली चांदी पुन्हां काळी होते, पुढच्या दिवाळीस पुन्हां घासली जाते, आणि असें पन्नास वर्षें चाललें म्हणजे राणीच्या केसांच्या बटा, मुकुटाची नक्षी, सालाचा आंकडा हीं क्रमाक्रमानें नाहींशीं होतात. ह्याचें उदाहरण पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या देव्हाऱ्यांतील चांदीचे टाक पाहावेत. पिढ्यान्पिढ्या घासण्यानें खंडोबाचा घोडा आणि देवीचा सिंह इतके झिजलेले असतात कीं, टाक कोणत्या देवतेचा हें घरांतील वडील माणसासच सांगावें लागतें. टाकाच्या बाबतींत त्याला इलाज आहे. झिजलेला टाक बदलून सोनाराकडून नवा घडवितां येतो व त्याची प्रतिष्ठा करतां येते. नाण्याला हा इलाज नाहीं.

घासण्याच्या प्रत्येक साधनाचा परिणाम वेगळा असतो. रांगोळी म्हणजे दगडाचें पीठ. तिचे कण चांदीहून कठीण. तिनें घासलेलें नाणें भिंगांतून पाहिल्यास त्याच्यावर शेंकडों बारीक ओरखडे दिसतात. चिंच व लिंबू यांतील आम्लें तांब्याच्या गंजास विरघळवितात. शिवराईवर किंवा जुन्या तांब्याच्या पैशावर जो तपकिरी रंग चढलेला असतो, तो तांब्याचा रक्षक असतो. त्याच्या आच्छादनाखालीं धातु वर्षानुवर्षें स्थिर राहतो. चिंचेनें तो उतरला कीं खालचें गुलाबीसर कोरें तांबें उघडें पडतें, आणि थोड्याच काळांत त्याच्यावर डागाडागांनीं नवा गंज चढतो. चांदी उजळण्याचीं जीं द्रावणें बाजारांत मिळतात, त्यांपैकीं पुष्कळांत थायोयुरिया व एखादें आम्ल असतें. तीं ओरखडे पाडीत नाहींत, म्हणून निर्धोक समजलीं जातात. परंतु सल्फाइड विरघळवितांना तीं पृष्ठभागहि खातात, आणि दोनचार वेळां बुडविल्यावर नाणें पांढरें पण निस्तेज दिसूं लागतें. अल्युमिनियमचा कागद आणि खाण्याचा सोडा यांची युक्तिहि हल्लीं बरीच ऐकूं येते. तिनें सल्फाइडांतील गंधक निघून जातो व चांदी मागें राहते, हें रसायनशास्त्राच्या दृष्टीनें खरें आहे. पण ती चांदी आपल्या मूळ जागीं पूर्ववत् बसत नाहीं, ढिल्या पुटासारखी राहते. मूळ पृष्ठभाग कांहीं परत येत नाहीं.

येथवर आपण नाण्याच्या रूपाचा विचार केला. परंतु त्याहून मोठी हानि ज्ञानाची होते. नाणें हा एक लहानसा लेख आहे, आणि आपल्या प्रांताच्या प्राचीन इतिहासाचीं कित्येक पानें अशा लेखांवरूनच जुळवावीं लागलीं आहेत. पश्चिमी क्षत्रपांचीं चांदीचीं नाणीं घ्या. वजन सुमारें २ ग्रॅम. आकार अंगठ्याच्या नखाएवढा. कांहीं काळानें ह्या राजांनीं नाण्यावरील आपल्या मुखाच्या मागें शक वर्षाचा आंकडा ब्राह्मी अंकांत घालण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या बाजूस राजाचें व त्याच्या पित्याचें नांव असे. पिता, पुत्र आणि वर्ष, हीं तिन्हीं एकाच इवल्याशा नाण्यावर मिळाल्यामुळें त्या वंशाची राजमालिका विद्वानांस इतक्या व्यवस्थितपणें लावतां आली. ते अंक अगदीं बारीक असतात. रांगोळीच्या चिमटीनें प्रथम जावयाचे ते तेच.

ह्याहून बोधप्रद उदाहरण नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथील आहे. १९०६ सालीं तेथें चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. त्यांत तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं, आणि तीं क्षहरात वंशांतील नहपान राजाचीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला आढळला : एका बाजूस कमानींचा डोंगर व राजाचें नांव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह म्हणून ओळखली जाणारी खूण. गौतमीपुत्रानें क्षहरातांचा उच्छेद केला हें नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत सांगितलेलें आहेच; परंतु शिलालेख हा जेत्याच्या घरचा. पराजिताच्या नांवाची चांदी जेत्याच्या ठशाखालीं आली, ही स्वतंत्र साक्ष त्या नाण्यांनीं दिली. आतां ही साक्ष नेमकी कशांत आहे तें पाहा. वरचा ठसा ठळक आहे. त्याच्या फटींतून डोकावणारा नहपानाच्या मुखाचा एखादा भाग, ग्रीक वळणाचीं दोनचार अक्षरें, हीं पुसट आहेत. असें नाणें घासलें, तर ठळक तें राहील आणि पुसट तें जाईल. जिंकणारा उरेल, जिंकलेला नाहींसा होईल, आणि नाण्याला जें सांगावयाचें होतें तेंच त्याला सांगतां येणार नाहीं.

शिवराईचीहि तीच कथा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें असलेलें हें तांब्याचें नाणें शिवकालांत सुरू झालें आणि पुढें पेशवाईंतहि पाडलें जात होतें. ठसा मोठा आणि चकती लहान, ह्यामुळें संपूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच येतो. एकावर ‘राजा’ दिसतें, तर दुसऱ्यावर ‘शिव’. कोणती शिवराई कोणत्या काळांतली हें अभ्यासक ठरवितात तें अक्षरांच्या वळणावरून, कडेच्या ठिपक्यांवरून आणि अक्षरांच्या आसपास असलेल्या बारीक खुणांवरून. वारंवार उजळलेल्या शिवराईवर एखादें ठळक अक्षर राहतें, पण ती कोणत्या काळची हें सांगणारी खूण राहत नाहीं. त्याचप्रमाणें जुन्या रुपयांवर सराफांनीं पारखण्यासाठीं मारलेल्या खुणा असतात. त्या डाग समजून कोणी कानशीनें सपाट करूं नयेत. तो रुपया व्यवहारांत फिरला आणि पारखला गेला, ह्याची ती नोंद आहे.

बाजाराचा हिशेबहि ह्याच दिशेनें जातो. अमेरिकेंत विल्यम शेल्डन ह्यांनीं १९४९ सालीं तांब्याच्या जुन्या सेंट नाण्यांसाठीं १ पासून ७० पर्यंत गुण देण्याची पद्धति मांडली. पुढें ती इतर नाण्यांसहि लागू झाली. आज नाणीं पारखून गुण देणाऱ्या संस्था घासून बिघडलेल्या नाण्यास साधारणतः असा गुण देत नाहींत. ‘खरें, पण घासलेलें’ अशा अर्थाचा शेरा मारून तें वेगळें काढतात. असा शेरा असलेल्या नाण्यास त्याच जातीच्या अस्पर्श नाण्याहून सहसा कमी किंमत येते. ह्यामुळें लबाडीचा एक उलटा धंदाहि निघाला आहे : घासलेलें नाणें गंधकाच्या औषधांत धरून कृत्रिम रीतीनें काळें करणें. म्हणून काळें तें सर्व अस्सल असें समजूं नये. शांतपणें चढलेला रंग बहुधा अक्षरांच्या कोपऱ्यांत गडद व उंच भागांवर फिका असा मिसळत गेलेला असतो. कृत्रिम रंग पुष्कळदां भडक असतो, आणि त्याच्या खालीं भिंगांतून ओरखडे दिसतात.

घरच्या पेटीसंबंधानें मात्र ह्यापेक्षांहि साधा हिशेब आहे. ज्या रुपयावरचें साल वाचतां येत नाहीं, मुख ओळखतां येत नाहीं, तो रुपया नाणें राहत नाहीं. तो चांदीचा एक तुकडा होतो. वांटणीच्या वेळीं किंवा अडचणीच्या प्रसंगीं त्याचा मार्ग सोनाराच्या मुशीकडे जातो, आणि पणज्यानें जन्मभर जपलेली वस्तु पणतू एका सकाळीं वितळवून मोकळा होतो.

तर मग नाणें साफ करणें सर्वथैव निषिद्धच काय ? तसेंहि नाहीं, आणि ह्या बाबतींत संग्राहकांचा आग्रह कधीं कधीं अतिरेकास जातो. जमिनींतून निघालेलें नाणें मातीनें व क्षारांनीं असें वेढलेलें असतें कीं, तें साफ केल्यावांचून पुष्कळदां वाचतांच येत नाहीं. संग्रहालयांतील बहुतेक प्राचीन नाणीं कधींना कधीं साफ केलेलींच आहेत. बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांनीं १८८८ सालीं फ्रीड्रिख राटगेन ह्या रसायनज्ञाच्या हाताखालीं एक प्रयोगशाळा उघडली, आणि ह्या कामास शास्त्राचें स्वरूप येऊं लागलें. आपल्याकडे मद्रासच्या सरकारी संग्रहालयांत १९३० सालीं अशी प्रयोगशाळा निघाली. त्या काळीं विद्युत्प्रवाहानें गंज उतरविण्याची रीति बरीच वापरीत. तिनें वस्तु स्वच्छ होत, पण गंजाच्या थरांत टिकून राहिलेली मूळ आकृतिहि कधीं कधीं गंजाबरोबर निघून जाई. म्हणून आज जाणते लोक सूक्ष्मदर्शकाखालीं, बारीक हत्यारांनीं, लागेल तेवढेंच काढतात आणि वेळींच थांबतात.

कांहीं गंज तर काढावाच लागतो. तांब्याच्या नाण्यावरील गर्द हिरवा, कठीण, गुळगुळीत थर सामान्यतः निरुपद्रवी असतो. तो राहूं द्यावा. परंतु फिकट हिरवी, पिठूळ भुकटी ठिपक्याठिपक्यांनीं दिसूं लागली, आणि झटकली तरी पुन्हां आली, तर तो निराळा रोग समजावा. धातूंत शिरलेल्या क्लोराइडांचा हवेंतील ओलाव्याशीं संबंध येऊन हा रोग नाण्यास आंतून पोखरीत जातो. असें नाणें ताबडतोब वेगळें करून कोरड्या जागीं ठेवावें व संग्रहालयांतील जाणकारास दाखवावें. तसेंच पी. व्ही. सी. जातीच्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवलेल्या नाण्यांवर कालांतरानें हिरवट चिकट लेप येतो. तो लेप नाण्याचा नव्हे, पिशवीचा. आणि तसाच राहूं दिला तर धातु खातो. जाणते लोक तो ॲसिटोनमध्यें, न चोळतां, विरघळवून काढतात. पण तें द्रव्य चटकन् पेट घेणारें असल्यामुळें मुलांच्या हातीं देऊं नये व दिव्याजवळ नेऊं नये.

ह्या सर्वांवरून नियम असा निघतो. नाणें हातांत घेतल्यावर स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. जें काढावयाचें तें बाहेरून येऊन बसलेलें आहे, कीं नाण्याच्या अंगचेंच आहे ? आणि तें तसेंच राहूं दिलें, तर पुढें धातूचें नुकसान होईल काय ? अपाय करणारें असेल तें जाणत्याकडून काढवावें. अंगचें आणि निरुपद्रवी असेल त्याला हात लावूं नये. ‘स्वच्छ’ आणि ‘मळकट’ ह्या दोन शब्दांनीं हा निवाडा होत नाहीं, आणि म्हणूनच भांड्यांचा न्याय नाण्यांना लागू पडत नाहीं. भांडें वापरावयाचें असतें. जुन्या नाण्याचें वापरणें संपलेलें आहे, आतां तें वाचावयाचें आहे.

घरांत करण्याजोग्या गोष्टी थोड्या व अल्पखर्चाच्या आहेत. नाणें कडेनें चिमटींत धरावें. पृष्ठभागास बोट लावूं नये, कारण घामाचे ठसे कालांतरानें धातूवर उमटतात. चांदीच्या नाण्यावर सैल धूळ असेल, तर तें शुद्ध केलेल्या पाण्यांत कांहीं वेळ ठेवून मऊ कापडावर टिपून वाळवावें; पुसूं नये. प्रत्येक नाण्यास आम्लरहित कागदाचें वेगळें पाकीट असावें. लोंकरीचें कापड व रबराचे पट्टे यांत गंधक असतो; ते चांदीजवळ नसावेत. शिशाचीं नाणीं, जशीं सातवाहनांचीं कित्येक आहेत, लांकडी पेटींत ठेवूं नयेत. लांकडांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनें शिशाची पांढरी भुकटी होते. कोंकणांत व मुंबईस पावसाळ्यांत डब्यांत सिलिका जेलची पुडी टाकावी, म्हणजे ती ओलावा शोषून घेते. जमिनींत पुरलेलें धन सांपडलें व त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें त्याची लेखी वर्दी कलेक्टरास देणें हें कर्तव्यच आहे. पण तोंवरहि तीं नाणीं धुऊं नयेत. मडकें, माती आणि नाण्यांचे एकमेकांस चिकटलेले थर, ह्या सर्वांचा अभ्यासकास उपयोग होतो.

राहिला लक्ष्मीपूजनाचा प्रश्न. काळीं नाणीं देवीपुढें मांडणें वडीलधाऱ्या मंडळींस रुचणार नाहीं, आणि त्यांच्या ह्या भावनेस कमी लेखण्याचें कारण नाहीं. ह्यावर उपाय सोपा आहे. पूजेकरितां पांच किंवा सात रुपये निराळे काढावेत. शक्यतों असे, कीं जे पूर्वींच घासून गुळगुळीत झालेले आहेत. तेच दरवर्षीं उजळावेत, त्यांनाच हळदकुंकू वाहावें. पूजेच्या संस्कारानें त्यांना जें मोल येतें तें कोणत्याहि लिलावांत ठरावयाचें नाहीं, आणि ते झिजले तरी ती झीज सेवेची आहे. बाकीचीं नाणीं पाकिटांसकट तबकाजवळ ठेवून नमस्कार केला, तरी देवी रुष्ट होईल असें वाटत नाहीं.

आणि पेटी उघडलीच आहे, तर घासण्यांत जाणारा वेळ दुसऱ्या एका कामीं लावावा. आजीला किंवा आजोबांना जवळ बसवून कोणतें नाणें कोठून आलें तें विचारावें : हा रुपया कोणाच्या मुंजींतल्या भिक्षावळीचा, ही पुतळी कोणाच्या माळेंतली, ही शिवराई कोणत्या शेतांत मिळालेली. जें कळेल तें एका चिठ्ठीवर, नाण्याचें वजन व साल यांसह, लिहून त्याच्या पाकिटांत घालावें. धातूवर जें लिहिलेलें आहे तें आपण पुसलें नाहीं तर पुष्कळ काळ टिकणारें आहे. वडील माणसांच्या आठवणींत जें आहे तें मात्र ह्याच दिवाळींत लिहून घेतलेलें बरें.